नागपुरात जेम्स ब्राऊनचा कार्यक्रम बसवायचा असेल तर

पहिले तारीख ठरवा, कलाकार मागून. जेम्स ब्राऊन, म्हणजे ज्याच्या बँडातून फंक संगीत घडलं तो अमेरिकेतला काळा गायक, ३ मे १९३३ ला जन्मला म्हणून हौशी मंडळी मे महिना धरतात. आपल्याकडे ३ मे म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात आणि लग्नसराई ऐन भरात. ट्रम्पेटवाला एक हाती लागणार नाही. गेला तो २५ डिसेंबर २००६ ला, अटलांटात. पण तीही तारीख नको, कारण सदरकडचे बेस आणि गिटार वाजवणारे निम्मे पोट्टे त्या दिवशी चर्चमध्ये अडकलेले असतात. मी २८ डिसेंबर सुचवतो. २००६ साली याच दिवशी न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात त्याचं पार्थिव लोकांच्या दर्शनाला ठेवलं होतं. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. धनुर्मासात मुहूर्त नसतात, बँडवाले रिकामे असतात. विधिमंडळाचं अधिवेशनही तोवर बहुतेक वेळा आटोपलेलं असतं, त्यामुळे सिव्हिल लाइन्समधले बॅरिकेड्स निघालेले असतात.

हॉल लहानच घ्या. रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहाचा मोह होतो, पण ते भरता भरता आयोजक रिकामा होतो, आणि हे संगीत लोक एकमेकांना चिकटून बसले की चढतं. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह पुरे. रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, म्हणून साडेसहाला सुरू. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था आयपीआरएस, तिचा परवाना आधी काढून ठेवा, शेवटच्या दिवशी त्याची धावपळ करू नका.

वादक कुठून आणायचे

माझं सगळं आयुष्य ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅडच्या, मागे गेलं, आता अरेंजमेंट करतो. तरी सांगतो, या कार्यक्रमात ऑक्टोपॅड घेऊ नका. का ते पुढे ‘फंकी ड्रमर’पाशी येईल. खरा ड्रमसेट लागेल, आणि जमलं तर ड्रमर दोन. ब्राऊनकडे क्लाइड स्टबलफील्ड आणि जॉन ‘जाबो’ स्टार्क्स असे दोघं होते. दोघांचा हात वेगळा, आणि त्याची उत्तमातली उत्तम गाणी या दोघांच्या जोरावर उभी आहेत.

ड्रमर निवडताना ऑर्केस्ट्रातला चलाख मुलगा टाळा. त्याचे हात शिवशिवतात, दर चौथ्या आवर्तनाला त्याला रोल मारायचा असतो. ताजबागच्या उरुसात संदलमध्ये वाजवणारे, मारबतीच्या मिरवणुकीत वाजवणारे हात बघा. एकच ठेका अर्धा-अर्धा तास, लय न हलवता, न कंटाळता धरून ठेवायची ताकद तिथे आहे. त्यातला एखादा ड्रमसेटवर बसत असेल तर सोनं. बसत नसेल तर त्याला कोंगोवर घ्या.

ब्राससाठी लग्नाच्या बँडातली मंडळी घ्या. दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन आणि दोन सॅक्स असले की झालं. सॅक्स मिळायला जरा त्रास होईल. यांतले बरेच जण नोटेशन वाचत नाहीत, वाचायची गरजही नाही. पीस तोंडाने म्हणून दाखवा, दोनदा ऐकून उचलतात. फक्त त्यांना एक सवय मोडायला लावायची, लांब सूर धरायची. वरातीत सूर ताणावा लागतो, इथे ब्रास म्हणजे टोले आहेत. वाजवला की तोडायचा. त्यांच्यासोबत बसून पहिल्या तालमीत एवढंच करा.

गायकाबद्दल माझं मत ठाम आहे. कराओके क्लबात किशोरकुमार गोड गाणारा माणूस इथे कामाचा नाही. भीमगीतं गाणारा, पोवाडा म्हणणारा, कव्वालीत ‘हां’ करून उडी घेणारा गळा पाहिजे. खुला आवाज, आणि शब्दाआधी श्वास ऐकू येईल असा. इंग्रजी उच्चार वाकडे झाले तरी चालतील. किंकाळी मात्र रोजच्या तालमीत मारायची नाही, नाहीतर २८ तारखेला गळा बसलेला. नाच जितका येतो तितकाच करा. पाय फाकवून खाली जाणं आणि झटक्यात उभं राहणं हे ब्राऊन वयाच्या तिशीत करत होता, लहानपणापासूनच्या सरावावर. आपल्या गायकाने ते स्टेजवर पहिल्यांदा करून पाहू नये.

दुसरा गायकही लागतोच. त्याचं काम वरकरणी छोटं दिसतं, पण ती ब्राऊनचा जुना साथीगायक बॉबी बर्ड याची जागा आहे.

निवेदन फक्त तीनदा

नागपूरच्या कार्यक्रमांत दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक शेर टाकतो, किस्सा सांगतो, प्रायोजकाचे आभार मानतो. इथे तसं केलं तर कार्यक्रम मेला. सुरुवातीला, मध्यंतरानंतर आणि शेवटून दुसऱ्या गाण्याआधी असं तीनदाच बोलायचं. प्रत्येक वेळी चार-पाच मिनिटं. बाकी वेळ बँड थांबत नाही, एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत शिरतो. ही त्याचीच पद्धत आहे.

पहिल्या निवेदनात बालपण येईल. साउथ कॅरोलिनातल्या बार्नवेलजवळ झोपडीत जन्म, आई लहानपणीच सोडून गेली, मग जॉर्जियातल्या ऑगस्टा गावात नात्यातल्या बाईच्या घरी वाढला. ते घर कुंटणखाना होतं, हे शब्द न गिळता सांगा. जवळच सैन्याची छावणी होती. शिपायांसमोर नाचून पैसे मिळवायचे, बूट पॉलिश करायचे. सोळाव्या वर्षी गाड्यांमधून चोऱ्या केल्याबद्दल शिक्षा झाली, तुरुंगात गेला. पुढे टोकोआ गावच्या सुधारगृहात असताना गावातल्या बॉबी बर्ड या मुलाशी ओळख झाली. १९५२ मध्ये त्याची सुटका होण्यात बर्डच्या घरच्यांचा हात होता. पुढे बर्डच्याच गटात तो शिरला, आणि थोड्याच दिवसांत गट त्याचा झाला. बर्ड मात्र पुढे वीस वर्षं सोबत गात राहिला. निवेदकाला इथे व्हायोलिन लावायचा मोह होईल. लावू देऊ नका. हे सपाट आवाजात सांगितलं तर जास्त लागतं.

१९५६ साल आलं की मी निवेदकाला एक वाक्य घालायला लावतो. ज्या वर्षी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षी मार्चमध्ये ‘प्लीज प्लीज प्लीज’ ही त्याची पहिली रेकॉर्ड आली. यातून काही सिद्ध होत नाही. पण आपल्या श्रोत्याला काळ कळतो, आजोबा तेव्हा केवढे होते ते तो मनात मोजतो. रेकॉर्ड कंपनीचा मालक सिड नेथन ते गाणं ऐकून भडकला होता. एकच शब्द पुन्हा पुन्हा, हे काय गाणं आहे? ते चाललं. नंतर मात्र अडीच वर्षं काहीच चालेना, १९५८ च्या ‘ट्राय मी’पर्यंत.

पहिला अर्धा भाग

‘ट्राय मी’ने सुरू करा. संथ आहे, गायकाचा गळा तापतो, साउंडवाल्याला आवाज जमवायला वेळ मिळतो. साउंडवाल्याशी आदल्या दिवशीच बोला. ऑर्केस्ट्राच्या सवयीने तो आवाजाला इको लावणार. तो पूर्ण काढायला सांगा, आणि बेस गिटार ड्रमरच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याच्याकडे तोंड असलेल्या स्पीकरमध्ये, भरपूर द्यायला सांगा. या संगीतात ड्रम आणि बेस एकमेकांना ऐकू आले नाहीत तर उरलेले सगळे कितीही चांगले वाजवोत, उपयोग शून्य.

यानंतर २४ ऑक्टोबर १९६२ ची रात्र डोळ्यांसमोर ठेवून दोन-तीन गाण्यांची साखळी करा. त्या रात्री अपोलोत त्याने कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग केलं, स्वतःच्या खिशातले ५,७०० डॉलर घालून. नेथनचं म्हणणं, ज्या गाण्यांच्या तबकड्या लोकांकडे आहेतच ती पुन्हा कोण विकत घेणार? १९६३ मध्ये अल्बम निघाला आणि बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, ६६ आठवडे यादीत राहिला. तालमीच्या आधी सगळ्या वादकांना हा अल्बम एकत्र बसवून ऐकवा, आणि गाण्यांपेक्षा प्रेक्षकांकडे कान द्यायला सांगा. बायकांच्या आरोळ्यांवर तो ओळ थांबवतो, वाढवतो, पुन्हा मागे घेतो. आपल्याकडे तमाशात, कव्वालीत हे चालतं, म्हणून आपल्या वादकांना हे लगेच समजतं.

मग येतं ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’, १९६५. इथून खरा जेम्स ब्राऊन सुरू. फेब्रुवारीत कार्यक्रमाला जाता जाता शार्लट शहरात थांबून हे घाईत रेकॉर्ड केलं, नंतर सुरुवात कापली, टेपचा वेग थोडा वाढवला. पहिलं ग्रॅमी यालाच मिळालं. इथे गिटारवाल्याकडे लक्ष द्या. जिमी नोलेन तारा पूर्ण दाबत नव्हता, डावा हात हलका ठेवून उजव्याने खरवडत होता. सुरापेक्षा खरखर जास्त. आपल्या गिटारवाल्याला सांगा की ढोलकवाल्याच्या चाटीचं काम आज तुझ्याकडे आहे.

पहिल्या भागाचा शेवट ‘इट्स अ मॅन्स मॅन्स मॅन्स वर्ल्ड’ने करा, आणि ते बाईकडून गाऊन घ्या. हट्ट समजा माझा. १९६६ चं हे गाणं बेटी जीन न्यूसम या बाईने त्याच्यासोबत लिहिलं आहे. पुरुषाच्या तोंडी ते बढाईसारखं वाटतं, बाईच्या तोंडी त्याला धार येते. वर व्हायोलिनचे सूर कीबोर्डवर चालतील.

समेवर या, मग मोकळे व्हा

मध्यंतरानंतरचा भाग अवघड आहे, तालमीचा तीन चतुर्थांश वेळ याला द्या. जगात फंक म्हणतात तो प्रकार इथे घडला, आणि तो कसा घडला ते आपल्या तबला-ढोलकवाल्यांना इतर कोणापेक्षा लवकर कळतं.

कहरव्याच्या आठ मात्रा धरा. रॉकच्या, जुन्या रिदम अँड ब्लूजच्या ठेक्यात स्नेअरचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा, जोर तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. ब्राऊनने तो जोर तिथे राहू दिला, पण सगळ्या वादकांना पहिल्या मात्रेवर एकत्र आणलं. सम पक्की. समेनंतर मात्र प्रत्येकाने आपापला छोटा तुकडा वाजवायचा, दुसऱ्याच्या मोकळ्या जागेत, आणि तो तुकडा बदलायचा नाही. बेस एक बोलतो, गिटार दुसरं, ब्रास मधेच टोला देऊन गप्प. सुरावटीचं काम उरतच नाही, सगळी वाद्यं तालवाद्यं होतात. ‘कोल्ड स्वेट’मध्ये, १९६७ साली, अख्खा अंतरा एकाच कॉर्डवर आहे. कीबोर्डवाला विचारेल, भाऊ, मी काय करू? त्याला सांगा, थांब.

याच गाण्यात क्लाइडने पहिल्या आवर्तनात सातव्या मात्रेचा स्नेअर सोडून दिला आणि ठोका आठवीवर टाकला. एवढीशी गोष्ट, पण ऐकणाऱ्याचा पाय चुकतो आणि मग तो चुकलेला पाय नाचू लागतो. तालमीत सगळ्यांना वाद्यं खाली ठेवायला लावा. मांडीवर आठ मात्रा मोजत टाळी फक्त तिसरीवर आणि आठवीवर. ब्रासवाल्यांनाही बसवा यात. सगळ्यांना हसू येईपर्यंत करा, मग वाद्यं उचला.

रचनेत पी वी एलिस या सॅक्सवादकाचा वाटा होता. ब्राऊनला नोटेशन येत नव्हतं. तो गुरगुरून, तोंडाने बोल काढून सांगायचा आणि एलिस ते कागदावर उतरवायचा. म्हणजे तुमचे बँडवाले नोटेशनशिवाय शिकतात यात कमीपणा नाही, उलट मूळ पद्धत तीच.

प्रेक्षकांना टाळी शिकवायची असेल तर इथेच. आपले लोक पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर टाळी देतात, भजनाची सवय. दुसऱ्या गायकाला पुढे आणून तिसरी-सातवी दाखवू द्या. अर्धा हॉल चुकेल, चुकू द्या.

‘से इट लाउड’ला मुलांचा कोरस हवा. त्याआधी निवेदकाने सांगायचं ते थोडक्यात असं: ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, शहरं पेटली. दुसऱ्या दिवशी बोस्टनमध्ये ब्राऊनचा ठरलेला कार्यक्रम होता. तो रद्द न करता टीव्हीवर थेट दाखवला गेला, लोक घरी बसून बघत राहिले, बोस्टन शांत राहिलं. स्टेजवर पोरं चढली तेव्हा पोलिसांना मागे सारून तो स्वतः त्यांच्याशी बोलला. त्याच ऑगस्टमध्ये हे गाणं रेकॉर्ड झालं. काळं असण्याचा अभिमान मोठ्याने सांगा, असं सांगणारं. आपल्याकडे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. नागपुरात हे वेगळं समजवावं लागत नाही. कोरसची मुलं मी इंदोऱ्यातल्या भीमगीतांच्या पार्टीतून घेतली असती, कारण पुढच्या गायकाने हाक दिली की नेमक्या मात्रेवर उत्तर द्यायची त्यांना सवय असते. बाकी मुलं कुठलीही चालतील. मूळ रेकॉर्डिंगमधली बरीच मुलं गोरी आणि आशियाई होती, असं ब्राऊननेच पुढे सांगितलंय. आणि हाच माणूस १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या पाठीशी उभा राहिला, त्यावरून आपल्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तेही सांगा, एका वाक्यात.

आता ‘फंकी ड्रमर’. २० नोव्हेंबर १९६९ ला सिनसिनाटीत रेकॉर्ड झालेला हा तुकडा गाणं म्हणून फार मोठा नाही. पण त्यात ब्राऊन सगळ्यांना थांबवतो आणि क्लाइड एकटा आठ आवर्तनं वाजवतो, साधारण वीस सेकंद. पुढे १९८० नंतर हिपहॉपवाल्यांनी, पब्लिक एनिमीपासून कितीतरी जणांनी, ते वीस सेकंद उचलून त्यावर गाणी उभी केली. त्यातली जादू मोठ्या ठोक्यांत नाही. डाव्या हाताने स्नेअरवर जे अगदी हलके, जवळजवळ न ऐकू येणारे ठोके पडत राहतात, त्यांत आहे. ऑक्टोपॅडचं रबर हे देत नाही. जोरातले ठोके त्याला नीट कळतात, मधलं कुजबुजणं हरवतं. खरा स्नेअर, त्यावर एक माइक जवळ, आणि ड्रमरला ताकीद की वेग वाढवायचा नाही.

क्लाइडला या वीस सेकंदांचं श्रेय गीतकार-संगीतकार म्हणून मिळालं नाही, त्यामुळे रॉयल्टीही नाही. २०१७ मध्ये तो गेला. म्हणून कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तुमच्या प्रत्येक वादकाचं नाव छापा, आणि ब्राऊनच्या वादकांचीही. मेसिओ पार्कर, फ्रेड वेस्ली, नोलेन, सगळ्यांची. प्रायोजकाचा लोगो लहान झाला तरी चालेल.

पैशाचंही बोलून घेऊ. ब्राऊन चुकीच्या सुराला, न चमकणाऱ्या बुटांना दंड करायचा. स्टेजवर नाचता नाचता बोटं दाखवायचा, वादकाला कळायचं किती कापले. बँड करकरीत वाजायचा हे खरं. पण मार्च १९७० मध्ये पैशावरून जवळजवळ सगळे वादक एकदम सोडून गेले, हेही खरं. त्याने सिनसिनाटीहून नवखी पोरं आणली, त्यात अठरा वर्षांचा बेसवाला बूट्सी कॉलिन्स. महिन्या-दोन महिन्यांत त्या पोरांसोबत ‘सेक्स मशीन’ झालं. शिस्त त्याच्याकडून घ्या, दंडाची पद्धत घेऊ नका. बँडवाल्यांचं पाकीट कार्यक्रमाच्या आधी हातात द्या, नंतर ‘उद्या या’ म्हणणारे आयोजक नागपुरात कमी नाहीत.

‘सेक्स मशीन’ वाजवाच, पत्रिकेवर हवं तर ‘गेट अप’ छापा, तेही त्याच्या नावातच आहे. यात दुसऱ्या गायकाला खरी संधी आहे. हाक ब्राऊनची, उत्तर बर्डचं, दोघंही समेच्या आत-बाहेर खेळतात. पाठ करून ते जमत नाही. दोघांना रोज अर्धा तास ड्रमरसोबत नुसतं बसवा. मधे लिन कॉलिन्सचं १९७२ चं ‘थिंक’ ठेवा, पहिल्या भागातल्या बाईंना पुन्हा बोलवा. ते ब्राऊननेच बनवलेलं आहे, आणि हॉल उठून उभा राहतो तो बहुतेक इथे.

शेवटचं निवेदन आणि शाल

उतरता काळ लांबवू नका. १९७४ मध्ये मुहम्मद अली आणि फोरमनच्या मुष्टियुद्धाच्या निमित्ताने आफ्रिकेत किन्शासाला भरलेला संगीत महोत्सव, मग डिस्कोची लाट आणि करांचे तगादे, १९८५ चं ‘लिव्हिंग इन अमेरिका’ हे गाणं, १९८८ मध्ये पोलिसांनी दोन राज्यांत केलेला पाठलाग आणि सहा वर्षांची शिक्षा, १९९१ मध्ये सुटका. बायकांना मारहाण केल्याबद्दल त्याला एकाहून जास्त वेळा अटक झाली होती. आयोजक म्हणतील, दादा, आदरांजलीच्या कार्यक्रमात हे काहून? हे वगळून जो माणूस उरतो त्याचा कार्यक्रम करायचा नाही, एवढंच उत्तर द्या. दोन वाक्यं, आवाज न बदलता.

शेवटी त्याच्या पहिल्या रेकॉर्डचं गाणं, ‘प्लीज प्लीज प्लीज’. गुडघ्यांवर कोसळायचं, डॅनी रे नावाचा त्याचा सूत्रसंचालक येऊन खांद्यावर झूल टाकायचा, त्याला हळूहळू बाहेर न्यायचा, आणि हा झूल झुगारून परत माइककडे धावायचा. पुन्हा, पुन्हा. ही कल्पना त्याला गॉर्जस जॉर्ज नावाच्या कुस्तीगिराच्या थाटावरून सुचली होती. आपल्याकडे भगवी किंवा सोनेरी किनारीची शाल वापरू नका, लोकांना सत्कार वाटतो आणि कोणीतरी नारळ घेऊन स्टेजवर येतो. गडद जांभळी, चमकणारी, बिनकिनारीची झूल इतवारीत कापड घेऊन शिवून घ्या. गळ्याशी बटण नको, झटक्यात निघाली पाहिजे. गुडघ्यांखाली पॅंटीच्या आत पट्ट्या बांधा. बँडने या वेळी आवाज वाढवायचा नाही, गायकाच्या श्वासाकडे बघून ब्रासने टोला द्यायचा.

‘आय फील गुड’ आत्तापर्यंत यादीत कुठे दिसलं नसेल. ते मुद्दाम ठेवलेलं नाही. नागपूरकराला जेम्स ब्राऊनचं हे एक गाणं ओरडण्यापुरतं तरी येतं, म्हणून सुरुवातीपासून मागून आरोळ्या येतील. ऐकू आल्या नाहीत असं करा. वन्स मोअर आला की हेच द्या, पावणेदहाच्या आत.